पिएर फोशार : दातदुखी, लवंगेचे तेल आणि दंतवैद्यकाची सुरुवात

दाढ दुखू लागली की लवंग धरायची, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. या उपायाला दंतोपचारात नेमकी जागा देणाऱ्यांपैकी एक होते फ्रान्सचे पिएर फोशार. त्यांना आधुनिक दंतवैद्यकाचे जनक मानतात.

फोशार यांचा जन्म १६७८ च्या सुमारास झाला. साधारण पंधराव्या वर्षी ते नौदलात गेले आणि एका शल्यवैद्याच्या हाताखाली शिकले. लांबच्या सफरीत खलाशांना स्कर्व्ही होई. हिरड्या सुजत, रक्त येई, दात हलू लागत. तोंडाच्या आजारांकडे त्यांचे लक्ष तिथेच वळले. पुढे त्यांनी आंजे येथे आणि नंतर पॅरिसमध्ये व्यवसाय केला.

त्या काळी दातांवर उपचार करणारे आपली विद्या गुप्त ठेवत. फोशार यांनी मात्र १७२८ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध करून ती सर्वांसाठी खुली केली. दातात किडा असतो, हा जुना समज आपल्या 'दात किडला' या शब्दांत आजही उरला आहे. फोशार यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा त्यांना किडे आढळले नाहीत. साखर दातांना घातक असल्याचेही त्यांनी बजावले.

किडलेला दात ठणकत असेल, तर ते लवंगेच्या किंवा दालचिनीच्या तेलात भिजवलेला कापसाचा बोळा पोकळीत ठेवत. ठणका शमल्यावर दात शिसे, कथील किंवा सोन्याने भरत. १७६१ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

लवंग तेलातील मुख्य घटक युजेनॉल. तो नसांमधील वेदनेचे संदेश मंदावतो आणि जंतूंची वाढ रोखतो. झिंक ऑक्साइडमध्ये मिसळून त्याचे तात्पुरते सिमेंट आजही दवाखान्यात वापरतात.

घरी मात्र काळजी घ्या. तेल थेट हिरडीवर ओतू नका, त्वचा भाजते. लहान मुलांपासून बाटली दूर ठेवा. तेल पोटात गेल्यास यकृताला इजा होऊ शकते. आणि ठणका थांबला म्हणजे दात बरा झाला, असे समजू नका. आतली नस मेल्यावरही वेदना थांबते, पण जंतुसंसर्ग मुळाकडे पसरत राहतो. गालावर सूज, ताप किंवा गिळायला त्रास असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. फोशारही तेलावर थांबत नसत, पुढे दात भरत.