ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या महाराष्ट्रातील पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या आद्य प्रवर्तक, बालशिक्षणतज्ज्ञ व लेखिका होत्या. मारिया माँटेसरी यांच्या शिक्षणपद्धतीला त्यांनी भारतीय रूप दिले आणि शहरातील सुस्थित घरांपुरती मर्यादित असलेली ही पद्धत ठाणे जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांपर्यंत नेली. बालवाडी, अंगणवाडी, कुरणशाळा व विकासवाडी या कल्पनांशी त्यांचे नाव निगडित आहे.

जीवन

ताराबाईंचा जन्म मुंबई येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. त्यामुळे मुलींच्या शिक्षणाला अनुकूल असे वातावरण ताराबाईंना घरातच लाभले. १९१४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळविली. त्या काळी पदवीधर स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९१५ मध्ये अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हे सहजीवन फार काळ टिकले नाही. १९२१ मध्ये पतीपासून विभक्त होऊन, लहान मुलगी प्रभा हिची जबाबदारी घेऊन त्या स्वतंत्रपणे राहू लागल्या. उपजीविकेसाठी त्यांनी राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपद स्वीकारले.

भावनगर येथील कार्य

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. तेथील प्रयोगांनी प्रभावित होऊन ताराबाईंनी राजकोटची नोकरी सोडली व १९२३ मध्ये त्या या संस्थेत दाखल झाल्या. माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील कामगारवस्तीत आपले पहिले बालगृह उघडले होते. मुलाला हालचालीचे व निवडीचे स्वातंत्र्य द्यावे, इंद्रियांच्या शिक्षणातून बुद्धी जागी करावी आणि बक्षीस व शिक्षा दोन्ही टाळावीत, ही त्यांची मुख्य सूत्रे होती. गिजुभाई व ताराबाई यांनी ही सूत्रे स्वीकारली. मात्र त्यांना गोष्टी, लोकगीते, नाट्य व सण-उत्सव यांची जोड दिली. या विचारांच्या प्रसारासाठी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या शिक्षणपत्रिका या नियतकालिकाच्या संपादनातही ताराबाईंचा मोठा वाटा होता.

शिशुविहार

१९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली. तेथे बालमंदिराबरोबरच शिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही चालविले जाई. लहान मुलांना शिकविण्यासाठी विशेष प्रशिक्षण लागते, ही कल्पनाच तेव्हा बहुतेक पालकांना नवीन होती. शिशुविहार नावारूपास आला. तरीही तेथे येणारी मुले प्रामुख्याने मध्यमवर्गीय घरांतील होती व लागणारी साधने खर्चिक होती. ज्या पद्धतीचा आरंभ गरिबांच्या मुलांपासून झाला, ती भारतात सुखवस्तू घरांचीच राहणार का, या प्रश्नाने त्यांच्या पुढील कार्याला दिशा दिली.

बोर्डी व कोसबाड

१९४५ मध्ये ताराबाईंनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले. त्याच वर्षी या परिसरात वारली समाजाने वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. यावरून तेथील दारिद्र्याची व शोषणाची कल्पना येते. पुण्याच्या हुजूरपागेतील शिक्षिका अनुताई वाघ (१९१०–१९९२) याच वर्षी ताराबाईंच्या कार्यात सहभागी झाल्या व अखेरपर्यंत त्यांच्या सहकारी राहिल्या. पुढे १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्राचे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले.

आरंभी बालवाडीत मुले येत नसत. येणाऱ्यांना आंघोळ घालणे, केस विंचरणे व नखे कापणे हाच पहिला पाठ असे. शाळा उघडून मुलांची वाट पाहण्यात अर्थ नाही, मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, हा अनुभवाचा निष्कर्ष होता. त्यातून पाड्यावरील घरांच्या अंगणातच भरणारी अंगणवाडी पुढे आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी चरणीच्या जागी कुरणशाळा भरविण्यात आली. दिवसा मोलमजुरी करणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग चालविण्यात आले. शंख-शिंपले, बिया, पाने, फुले, खडे व बांबू ही परिसरातील सामग्री महागड्या साधनांच्या जागी आली. खड्यांनी मोजणी होई, तर पानाफुलांतून रंग व आकारांची ओळख होई.

विकासवाडी

शाळेत नाव घातलेली मुलेही टिकत नाहीत, याचे एक कारण घरच्या जबाबदारीत होते. आईवडील मजुरीला गेले की धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम सहा-सात वर्षांच्या मुलीकडे येई व तिची पहिली इयत्ताच सुटे. म्हणून ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. भावंड पाळणाघरात ठेवून मोठी बहीण शेजारच्या वर्गात बसू शके. याच योजनेला विकासवाडी असे नाव मिळाले.

या रचनेमुळे बालवाडी व पहिली इयत्ता यांच्यातील दरीही कमी झाली. बालवाडीत मोकळेपणाने वावरणारे मूल पहिलीत गेल्यावर एकाएकी पाटी-पुस्तकासमोर तासन् तास बसविले जाऊ नये, असा ताराबाईंचा आग्रह होता. लिहिण्याआधी हाताची तयारी झाली पाहिजे. चित्रे काढणे, माती मळणे, मणी ओवणे यांतून बोटांवर ताबा येतो आणि अक्षर त्यानंतर सहज उमटते. वाचनाआधी बोलणे व ऐकणे यावे. घरी वारली बोली बोलणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकातील मराठी परकी वाटते. त्यामुळे गाणी-गोष्टींतून तिचा परिचय होणे महत्त्वाचे ठरते. भीतीने बसलेले मूल शांत दिसले तरी शिकत नाही आणि शिस्त ही मुलाच्या आवडीच्या कामातूनच येते, हे त्यांच्या विचारांचे सार होय.

अन्य कार्य व लेखन

१९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. बालसंगोपन व बालशिक्षण या विषयांवर त्यांनी मराठी व गुजराती भाषांत विपुल लेखन केले. बालविकास व शिस्त, बालकांचा हट्ट, बिचारी बालके व नदीची गोष्ट ही त्यांची काही मराठी पुस्तके होत.

सन्मान व वारसा

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडचे कार्य त्यानंतर अनुताई वाघ यांनी पुढे नेले. कोसबाडच्या टेकडीवरून या आत्मचरित्रात त्यांनी या कार्याची हकीकत सांगितली आहे. रत्नाकर मतकरी यांचे घर तिघांचं हवं हे नाटक ताराबाईंच्या जीवनावर आधारित आहे.

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव आहे. या योजनेत पोषण व आरोग्याबरोबर तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शालापूर्व शिक्षणाचाही समावेश आहे. बालशिक्षण ही श्रीमंतांची चैन नसून प्रत्येक मुलाची गरज आहे, ही ताराबाईंनी प्रयोगाने सिद्ध केलेली भूमिका या योजनेमुळे देशभरच्या धोरणाचा भाग झाली.