इंजिनवेडा माणूस आणि ब्रेकचा धडा

यंदा आमच्या टीमच्या रेसिंग कारचे ब्रेक माझ्या वाट्याला आले. इंजिन मिळालं नाही म्हणून आधी थोडा हिरमुसलोच होतो. त्यात पहिल्याच मीटिंगला वाद पेटला. आपल्या गाडीला सिरॅमिक ब्रेक परवडणार नाहीत, हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण समजा स्पोर्ट्स कार घ्यायची वेळ आली, तर सिरॅमिक घ्यायचे की नेहमीचे बिडाचे? कॅन्टीनमध्ये तीन चहा झाले तरी निकाल लागेना. शेवटी मी लायब्ररी गाठली, आणि तिथे मला एन्झो फेरारी नव्याने भेटला. कारण ब्रेकची नेमकी हीच निवड एकदा त्याच्यापुढेही आली होती. फक्त त्या वेळी प्रश्न ड्रम की डिस्क असा होता.

एन्झोचा जन्म 1898 चा, इटलीतल्या मोडेना गावचा. वडिलांचं लोखंडकामाचं वर्कशॉप होतं. 1916 साली वडील गेले आणि त्याच वर्षी थोरला भाऊही गेला. पहिल्या महायुद्धात एन्झो सैन्यात भरती झाला, तर तिथे काम मिळालं खेचरांना नाल ठोकायचं! युद्धानंतर फियाटमध्ये नोकरी मागायला गेला, तर त्यांनी नकार दिला. (कॅम्पसमध्ये रिजेक्ट झालेल्या मित्रांनी इथे खास नोंद घ्यावी.) पुढे तो अल्फा रोमिओसाठी रेस चालवू लागला. 1929 मध्ये त्याने स्वतःची रेसिंग टीम काढली, स्कुदेरिया फेरारी. 1932 साली मुलगा डिनो जन्मला, आणि त्याच सुमारास एन्झोने स्वतः रेस चालवणं थांबवलं.

1939 मध्ये अल्फाशी फाटलं. चार वर्षं स्वतःचं नाव रेसिंगमध्ये वापरायचं नाही, अशी अट होती. दुसऱ्या महायुद्धात कारखाना मारानेल्लोला हलवला आणि 1947 साली फेरारी नावाची पहिली गाडी, 125 एस, बाहेर पडली. तिला बारा सिलिंडरचं इंजिन होतं. दोनच वर्षांत, 1949 मध्ये, फेरारीने ल माँची 24 तासांची रेस जिंकली. हा माणूस इंजिनाच्या मागे वेडा होता. गाडीचं बाकी सगळं म्हणजे त्याच्या लेखी इंजिनाचा संसार!

इथेच ब्रेकची गोष्ट सुरू होते. 1953 मध्ये जॅग्वारच्या सी-टाइप गाडीने ल माँ जिंकली. तिला डनलॉपचे डिस्क ब्रेक होते. बाकीच्यांचे ड्रम तापून थकत होते, आणि जॅग्वारवाले मात्र वळणाच्या अगदी जवळ जाऊन ब्रेक मारत होते.

यामागचं शास्त्र आपल्या सेकंड इयरचंच आहे. ब्रेक गाडीची गती खात नाही, तिची उष्णता करतो. 1400 किलोची गाडी ताशी 200 किलोमीटरवरून थांबवली, तर साधारण 21 लाख ज्यूल उष्णता तयार होते. एवढ्यात सहा लिटर गार पाणी उकळेल, आणि हे फक्त एका ब्रेकमध्ये! ड्रममध्ये ही उष्णता आत कोंडते. ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून लांब जातो, लायनरचं घर्षणही कमी होतं, आणि पेडल खाली खाली जात राहतं. डिस्क मात्र उघड्या हवेत फिरते, लवकर निवते. तापून फुगलीच तरी पॅडच्या दिशेनेच जाडावते.

हे सगळं समोर दिसत असून एन्झो ड्रमलाच चिकटून राहिला. तो मूर्ख नव्हता हो! ड्रम त्याच्या माणसांच्या हातात बसलेले होते, आणि 1958 ची ल माँ फेरारीने ड्रम ब्रेकवरच जिंकली होती. जे चालतंय ते कशाला बदला, हा विचार आपणही सबमिशनच्या आदल्या रात्री करतोच की! पण एक फरक होता. एन्झो आता रेस बघायलाही क्वचितच जात असे. गाडीतला माणूस वेगळा, आणि निर्णय घेणारा वेगळा.

त्या वर्षी फेरारीकडून माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स हे दोन इंग्रज चालवत होते, दोघे जिवलग मित्र. हॉथॉर्नने 1955 ची ल माँ डिस्क ब्रेकच्या जॅग्वारवर जिंकलेली, त्यामुळे फरक त्याच्या पायाला ठाऊक होता. 3 ऑगस्ट 1958 ला जर्मनीत न्यूरबुर्गरिंगवर दोघं डिस्क ब्रेकवाल्या व्हॅनवॉलचा पाठलाग करत होते. कॉलिन्सची गाडी रस्त्याबाहेर उडाली. मागून येणाऱ्या हॉथॉर्नने ते डोळ्यांनी पाहिलं. कॉलिन्स त्याच दिवशी गेला. महिन्यापूर्वीच फ्रान्समध्ये लुइजी मुस्सो गेला होता. फेरारीचे दोन ड्रायव्हर एका मोसमात!

कॉलिन्सच्या अपघाताचं खापर ब्रेकवर फोडणं बरोबर नाही. पण त्यानंतर हॉथॉर्नने डिस्कचा हट्ट सोडला नाही. कॉलिन्सच्या स्वतःच्या फेरारीला डनलॉपच्या डिस्क बसवलेल्या होत्या. त्याच काढून सप्टेंबरमध्ये मोंझाच्या रेससाठी हॉथॉर्नच्या गाडीवर चढवल्या गेल्या. गेलेल्या मित्राचे ब्रेक! त्या रेसमध्ये तो दुसरा आला, पुढे मोरोक्कोतही दुसरा आला, आणि 42 विरुद्ध 41 अशा एका गुणाने जगज्जेता झाला. लगेच त्याने रेसिंग सोडलं. जानेवारी 1959 मध्ये इंग्लंडमधल्या साध्या रस्त्यावर अपघातात तोही गेला. हे वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटूनच ठेवलं.

त्यानंतर 1959 पासून फेरारीच्या रेसिंग गाड्यांना डिस्क आल्या. इंजिन मागे बसवण्याबाबतही एन्झो असाच अडून बसला होता. बैल गाडीच्या पुढेच जुंपायचे, हा त्याचा हिशोब. कूपरने मागच्या इंजिनावर 1959 आणि 1960 ची विजेतेपदं नेली, तेव्हा तो बदलला आणि 1961 मध्ये पुन्हा जिंकला. उशिरा का होईना, बदलायचा! 1969 मध्ये अर्धी कंपनी फियाटने घेतली, हो, त्याच फियाटने. 14 ऑगस्ट 1988 ला नव्वदाव्या वर्षी एन्झो गेला. 2002 मध्ये त्याच्या नावाची फेरारी आली, तिला कार्बन-सिरॅमिक डिस्क होत्या. दैवाचा विनोद, दुसरं काय!

आता आमच्या वादाकडे. सिरॅमिक म्हणजे कपबशीची चिनीमाती नव्हे. कार्बन तंतूंच्या डिस्कमध्ये वितळलेलं सिलिकॉन जिरवून ती बनते. वजन बिडाच्या जवळपास निम्मं, गंज नाही, आणि तापली तरी दम टिकतो. पण किंमत कैक पटींनी जास्त, चाक काढताना कड ठेचली तर डिस्क बाद होऊ शकते, आणि ट्रॅकवर सतत तापवली तर आतला कार्बन हळूहळू जळतो. म्हणून नेहमी ट्रॅकवर जाणारे कित्येक जण मुद्दाम बिडाच्या डिस्क घेतात. त्या झिजल्या की बदलायच्या, खिसा रिकामा होत नाही. रस्त्यावर चालवायची आणि पैसा असेल तर सिरॅमिक, ट्रॅकवर घासायची तर बीड, असं माझं मत झालं.

पण एन्झोकडून मी शिकलो ते वेगळंच. ब्रेक कोणते, हे ठरवताना कॅटलॉगच्या आधी गाडीत बसणाऱ्याला विचारायचं. आमच्या गाडीत माझा रूममेट बसणार आहे. काल रात्री पेडल किती खाली जातं, कुठे चावतं, हे त्याला तासभर विचारत बसलो. कॅल्क्युलेशन दोनदा तपासलं होतंच, आज तिसऱ्यांदा तपासतोय. इंजिन मिळालं नाही, याचं आता अजिबात वाईट वाटत नाही.