मताधिकार गावागावांत पोहोचवणारा अधिकारी : पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या देशातील प्रत्येक प्रौढ माणसाला एक मत दिले, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते. पण संविधानातले कलम आणि मतदान केंद्रावर रांगेत उभा असलेला माणूस यांच्यामध्ये फार मोठे अंतर होते. ते अंतर कापण्याचे काम ज्या अधिकाऱ्याने केले, त्यांचे नाव मात्र आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. ते नाव म्हणजे सुकुमार सेन, स्वतंत्र भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त.

सेन बंगालचे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आणि नंतर लंडन विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. गणित हा त्यांचा विषय आणि त्यात त्यांना सुवर्णपदक मिळाले होते. 1920च्या दशकाच्या सुरुवातीला ते आयसीएस म्हणजे भारतीय सनदी सेवेत दाखल झाले. बंगालच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांत आणि न्यायाधीश म्हणूनही त्यांनी काम केले. स्वातंत्र्यानंतर ते पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले. तिथूनच मार्च 1950 मध्ये त्यांना दिल्लीला बोलावण्यात आले.

ज्या आयोगाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तो आयोग कसा जन्माला आला हे आपण समजून घेतले पाहिजे. बाबासाहेब प्रौढ मताधिकाराची बाजू संविधान सभेच्या कितीतरी आधीपासून मांडत होते. 1919 मध्ये त्यांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली. 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे सर्व प्रौढांना मताधिकार द्या अशी मागणी केली. इंग्रजांच्या काळात मत देण्यासाठी मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांची अट असे. ज्यांना जमीन नाकारली, शाळा नाकारली, त्यांना मतही नाकारण्याची ती सोपी युक्ती होती. संविधानाच्या कलम 326 ने ही अट संपवली. त्या वेळी मतदानाचे वय 21 वर्षे होते.

निवडणुका कोणी घ्यायच्या, हा प्रश्न जून 1949 मध्ये संविधान सभेत आला. आधीच्या मसुद्यात राज्यांच्या निवडणुकांसाठी वेगळे आयोग होते. बाबासाहेबांनी ही रचना बदलून संपूर्ण देशासाठी एकच मध्यवर्ती आयोग सुचवला. काही प्रांतांत भाषा, वंश किंवा संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे मतदार यादीत घेतली जात नाहीत, अशा तक्रारी आल्या होत्या आणि हे बदलाचे कारण त्यांनी सभेत सांगितले. म्हणजे निवडणूक आयोगाच्या मुळाशीच एक साधी चिंता आहे : दुर्बल माणसाचे नाव यादीतून गाळले जाऊ नये.

सेन रुजू झाले तेव्हा काम डोंगराएवढे होते. मतदार 17 कोटींहून अधिक. त्यातल्या सुमारे 85 टक्के लोकांना लिहिता वाचता येत नव्हते. लोकसभेच्या 489 आणि राज्यांच्या विधानसभा मिळून सुमारे पावणेचार हजार जागा भरायच्या होत्या. पंतप्रधान नेहरूंना 1951 च्या सुरुवातीलाच निवडणूक हवी होती. कायदा, यादी आणि मतदारसंघ तयार नसताना घाई करणे सेन यांना मान्य नव्हते. पूर्ण तयारी झाल्यावरच, ऑक्टोबर 1951 मध्ये मतदान सुरू झाले.

या तयारीचे तपशील वाचले की गणिताचा अभ्यासक दिसतो. मतदार याद्या टाईप करण्यासाठी आणि लावण्यासाठी सहा महिन्यांच्या करारावर सुमारे 16,500 कारकून नेमले. याद्या छापायला सुमारे 3 लाख 80 हजार रीम कागद लागला. 20 लाखांच्या आसपास लोखंडी मतपेट्या बनवून घेतल्या, त्यातल्या पुष्कळशा आपल्या मुंबईत, विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. एकाच माणसाने दोनदा मत देऊ नये म्हणून भारतीय शास्त्रज्ञांनी तयार केलेली न पुसणारी शाई बोटाला लावली गेली.

निरक्षर मतदाराचा प्रश्न त्यांनी चिन्हांनी सोडवला. बैलजोडी, झोपडी, हत्ती अशी रोजच्या जगण्यातली चिन्हे पक्षांना मिळाली. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती त्यातलाच. प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने काही लिहायचे नाही, फक्त आपल्या पसंतीच्या पेटीत मतपत्रिका टाकायची. अक्षर येत नाही म्हणून मत देता येत नाही, हा जुना युक्तिवाद या व्यवस्थेने निकालात काढला.

पहिली मते पडली ती 25 ऑक्टोबर 1951 रोजी, हिमाचल प्रदेशातील चिनी तहसिलात. आज त्या गावाला कल्पा म्हणतात. बर्फ पडून रस्ते बंद होण्याआधी तिथे मतदान उरकणे भाग होते. किन्नौरचा हा भाग पिढ्यान्‌पिढ्यांच्या बौद्ध परंपरेचा आहे, हे आपण अभिमानाने लक्षात ठेवावे. बाकी देशातले मतदान फेब्रुवारी 1952 पर्यंत चालले.

सेन यांच्या कारकिर्दीतला सर्वांत कठीण निर्णय होता स्त्रियांच्या नावांचा. उत्तर भारतातल्या अनेक स्त्रियांनी यादीत स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच नोंद होती. सेन यांनी ठरवले की मतदार हा नावानिशी असला पाहिजे. नाव सांगण्यासाठी मुदत वाढवून दिली. तरीही सुमारे 28 लाख नोंदी वगळाव्या लागल्या. एवढ्या स्त्रियांचे पहिले मत हुकले, ही किंमत लहान नव्हती. पण नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाने नोंद चालवून घेतली असती, तर स्त्री ही कोणाची तरी मालमत्ता आहे या समजुतीवर सरकारी शिक्का बसला असता. पुढच्या निवडणुकीपर्यंत यातल्या बहुतेक जणींची नावे यादीत आली.

या निवडणुकीची एक वेदना आपल्या समाजाच्या मनात कायम आहे. ज्यांनी मताधिकार दिला, ते बाबासाहेबच मुंबई शहर उत्तर मतदारसंघातून हरले. तो दोन सदस्यांचा मतदारसंघ होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना 1,38,137 आणि बाबासाहेबांना 1,23,576 मते मिळाली. अशा मतदारसंघात मतदाराला दोन मते असत, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. दिली तर एक बाद होई. इथे 74,333 मते बाद झाली आणि मते वाया घालवण्याचा पद्धतशीर प्रचार झाला, अशी बाबासाहेब आणि अशोक मेहता यांची तक्रार होती. त्यांनी निकाल रद्द करण्यासाठी अर्ज केला. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे असे अर्ज निवडणूक आयोगाकडे जात आणि त्यासाठी न्यायाधिकरण नेमले जाई. हा अर्ज फेटाळला गेला. दोन सदस्यांचे मतदारसंघ पुढे 1961 मध्ये कायद्याने बंद झाले. यंत्रणा प्रामाणिक असली तरी नियमाची रचना दुर्बलांना कशी महाग पडते, हे यातून शिकण्यासारखे आहे. बाबासाहेबांनी पराभवानंतरही मतपेटीचा मार्ग सोडला नाही, 1954 मध्ये ते भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढले.

सेन यांची कीर्ती देशाबाहेर गेली. 1953 मध्ये स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असलेल्या सुदानमध्ये निवडणूक घेण्यासाठी आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. 1954 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पहिल्या निवडणुकीचा सविस्तर अहवाल 1955 मध्ये प्रसिद्ध झाला. 1957 ची दुसरी सार्वत्रिक निवडणूकही त्यांनीच घेतली. जुन्या पेट्या जपून ठेवल्यामुळे ती पहिलीपेक्षा सुमारे साडेचार कोटी रुपयांनी स्वस्त झाली. याच निवडणुकीत नाशिकहून दादासाहेब गायकवाड आणि कोपरगावहून बी. सी. कांबळे लोकसभेत गेले. महापरिनिर्वाणानंतर अवघ्या काही महिन्यांत बाबासाहेबांच्या माणसांनी मताच्या जोरावर संसद गाठली.

डिसेंबर 1958 मध्ये सेन निवृत्त झाले. 1960 मध्ये ते वर्धमान विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांना जाऊन आता सहा दशकांहून अधिक काळ लोटला. पुतळे, जयंत्या त्यांच्या वाट्याला फारशा आल्या नाहीत.

मित्रांनो, आयुक्ताची नेमणूक सरकारच्या हाती राहिली तर काय, हा प्रश्न 1949 मध्येच संविधान सभेत विचारला गेला होता आणि बाबासाहेबांनी त्यातली अडचण मान्य केली होती. 2023 च्या कायद्यानंतरही आयुक्त निवडणाऱ्या समितीत सरकारचेच बहुमत आहे. म्हणून चांगला अधिकारी मिळेल या भरवशावर बसून चालणार नाही. यादी प्रसिद्ध झाली की वस्तीतले प्रत्येक नाव तपासा. स्थलांतरित मजूर, नुकतीच 18 वर्षांची झालेली मुले, लग्न होऊन आलेल्या सुना, यांची नावे आहेत का ते पाहा. नसतील तर अर्ज भरून द्या. सेन यांच्याकडे 16,500 कारकून होते, आपल्याकडे गावोगावचे कार्यकर्ते आहेत. बाबासाहेबांनी मिळवून दिलेले मत वापरायचे असेल, तर आधी आपले नाव यादीत असले पाहिजे.