पहाटेची पाठशाळा

शाळेची जागा रोज बदलत असे. कधी देवळाची ओसरी, कधी धर्मशाळेचा ओटा, तर कधी वाटेवरच्या झाडाची सावली. वेळ मात्र ठरलेली होती. पहाटे, दिशा उजळण्यापूर्वी, आई आठ वर्षांच्या मुलीला अंथरुणातून अलगद उचलून घेई, डोळ्यांवरची झोप उडेपर्यंत तिच्याशी लाडाने बोले आणि मग संस्कृत श्लोकांचे पठण सुरू होई. पुस्तक समोर असेच असे नाही. पाठ संपला की आईला स्वयंपाक, पाणी, वृद्ध पतीची शुश्रूषा आणि पुढच्या मुक्कामाची बांधाबांध अशी कामे असत. दिवसभरात निवांत वेळ मिळणे शक्य नव्हते, म्हणून ही पाठशाळा पहाटेची. त्या शाळेची विद्यार्थिनी पुढे पंडिता रमाबाई म्हणून जगाला माहीत झाली.

रमाबाईंचे नाव निघाले की शारदा सदन, केडगावचे मुक्ती सदन आणि त्यांनी केलेला धर्मस्वीकार यांचीच चर्चा होते. लहानपणी त्यांनी एकाही शाळेचा उंबरठा ओलांडला नव्हता, ही गोष्ट त्या मानाने मागे पडते. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवावे काय, हा प्रश्न आज पडेगावसारख्या शहराच्या वेशीवरच्या वसाहतीतल्या एखाद्या आईबापांना पडला, तर त्यांच्यापुढे पुस्तके, संगणक, मुक्त विद्यालयाच्या परीक्षा अशी साधने असतात. अनंतशास्त्री डोंगरे यांच्यापुढे यातले काहीच नव्हते. होती ती केवळ विद्येवरची विलक्षण श्रद्धा. त्या श्रद्धेची किंमत संपूर्ण कुटुंबाने मोजली.

या कथेचा आरंभ पुण्यात, पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत होतो. अनंतशास्त्री तेथे रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे अध्ययन करीत होते. साठे हे दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. गुरूंसोबत वाड्यात जाण्याचा योग आलेल्या या तरुण विद्यार्थ्याने एका स्त्रीच्या तोंडून शुद्ध संस्कृत ऐकले आणि तो थक्क झाला. आपल्या पत्नीलाही असेच शिकवायचे, हा त्याचा निश्चय तेव्हाच झाला. घरी परतल्यावर तसा प्रयत्नही झाला. परंतु घरातल्या वडीलधाऱ्यांचा विरोध होता आणि पत्नीलाही गोडी नव्हती. तो बेत तेथेच राहिला.

पहिली पत्नी निवर्तल्यावर अनंतशास्त्री तीर्थयात्रेस निघाले. गोदावरीच्या काठी एका गावी स्नानाच्या वेळी त्यांची गाठ दुसऱ्या एका यात्रेकरू ब्राह्मणाशी पडली. कुळ, गोत्र यांची चौकशी झाली आणि त्या गृहस्थाने आपली नऊ वर्षांची मुलगी या चाळिशी उलटलेल्या विधुराला देऊ केली. दुसऱ्याच दिवशी लग्न लागले आणि ती मुलगी एका अनोळखी माणसाबरोबर शेकडो मैल दूर निघाली. आजच्या वाचकाच्या अंगावर काटा यावा असाच हा प्रसंग. पण याच बालवधूला, लक्ष्मीबाईंना, पतीने अक्षरओळखीपासून संस्कृत पुराणांपर्यंत शिकवले. भोवतालच्या समाजाला ते रुचले नाही. उडुपी येथे धर्मपंडितांपुढे अनंतशास्त्रींना जाब द्यावा लागला. स्त्रियांना वेदांखेरीज इतर संस्कृत वाङ्मय शिकवण्यास शास्त्राचा विरोध नाही, हे त्यांनी ग्रंथांतील आधार देऊन मांडले. त्यांच्या सुधारणेची मर्यादाही यातून कळते. वेदांचे दार त्यांनी स्वतःच्या घरातही बंदच ठेवले होते.

जनसंपर्क टाळून त्यांनी सह्याद्रीच्या दाट अरण्यात गंगामूळ येथे आश्रम थाटला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आश्रमात विद्यार्थी येत, यात्रेकरू येत, आणि कोणालाही विन्मुख पाठवायचे नाही हा यजमानाचा नेम. परिणामी कर्ज झाले. रमा जेमतेम सहा महिन्यांची असताना कुटुंबाने आश्रम सोडला. वेताच्या पेटाऱ्यात घालून, सेवकाच्या डोक्यावरून तिचा प्रवास सुरू झाला, तो पुढे वीस वर्षे थांबला नाही.

उदरनिर्वाहाचे साधन एकच, पुराण सांगणे. देवळात किंवा नदीकाठी बसून संस्कृत ग्रंथ मोठ्याने वाचायचा. श्रोत्यांना अर्थ कळो वा न कळो, श्रवणाचे पुण्य मिळे, आणि ते पुराणिकापुढे धान्य, फळे, पैसे ठेवीत. आई, वडील, थोरली कृष्णाबाई, भाऊ श्रीनिवास आणि धाकटी रमा हे सारेच या व्यवसायात होते. वडील वृद्ध झाले, दृष्टी मंदावली, तेव्हा रमेला शिकवण्याचा भार लक्ष्मीबाईंनी उचलला. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक तिला मुखोद्गत होते, असे चरित्रकार नोंदवतात. संख्येचे कौतुक व्हायचे तेवढे झाले आहे. त्याहून महत्त्वाचे हे की, त्या काळी तिच्या वयाच्या मुली सासरी जात असताना ही मुलगी शिकत राहिली. कृष्णाबाईचा बालविवाह दुःखदायक ठरल्याने वडिलांनी धाकटीच्या लग्नाची घाई केली नाही. कानडी, हिंदुस्थानी आणि पुढे बंगाली या भाषा तिला कोणी शिकवल्या नाहीत. मुक्काम बदलत गेले तशा त्या तिच्या जिभेवर बसल्या.

ही झाली घरच्या शिक्षणाची उजळ बाजू. दुसरी बाजू रमाबाईंनी स्वतः, पन्नाशीच्या आसपास लिहिलेल्या आत्मनिवेदनात कसलाही आडपडदा न ठेवता मांडली आहे. मुलांनी बाहेरच्या जगात मिसळू नये, असा आईवडिलांचा कटाक्ष होता. संस्कृतखेरीज दुसरी भाषा शिकवण्याचा प्रश्नच नव्हता. लौकिक शिक्षण माणसाला धनलोभाकडे नेते, ही वडिलांची धारणा. आपल्या मुलांनी धर्मनिष्ठ राहावे, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती प्रामाणिक होती. मात्र श्लोकांनी भरलेल्या या पाच जणांच्या घरात चरितार्थाचे दुसरे कोणतेही कौशल्य कोणालाही नव्हते.

१८७४च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. लोकांनाच खायला नव्हते, तर पुराणिकाला कोण देणार? उरलासुरला पैसा व्रते, अनुष्ठाने आणि दाने यांत गेला. दागिने, तांब्याची भांडी विकली गेली. मजुरी करावी तर शरीराला सवय नाही, आणि विद्येचा व जातीचा अभिमान आडवा येतो. भीक मागणेही अशक्यच. अखेर सारे कुटुंब रानात शिरले. झाडपाला, पाणी आणि मूठभर रानखजूर यांवर दिवस काढले. जलसमाधी घेण्याचा निश्चय वृद्ध शास्त्रींनी केला. तेव्हा आता मी मोलमजुरी करीन, असे श्रीनिवासाने ठरवले. निर्णय उशिरा झाला होता. थोड्याच दिवसांत वडील गेले. अंत्यविधीला माणसे मिळेनात, म्हणून मुलाने पित्याचा देह स्वतः वाहून नेला. पाठोपाठ आई गेली. तिच्या तिरडीला चौथा खांदा रमेला द्यावा लागला, आणि उंची कमी असल्याने तिने तो भार डोक्यावर घेतला. काही काळाने कृष्णाबाईही गेली. ज्या बाईने रोज पहाटे उठून मुलीला शिकवले, तिचा मृत्यू अन्नावाचून व्हावा, याचे शल्य रमाबाईंच्या लेखनात अखेरपर्यंत जाणवते.

उरलेली दोन भावंडे हजारो मैल पायी हिंडली आणि १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथे चित्र एकदम पालटले. वीस वर्षांच्या या अविवाहित मुलीची विद्वानांनी परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. आईच्या पहाटेच्या पाठांचे असे सार्वजनिक मूल्यमापन झाले, ते पाहायला आई नव्हती. केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत हाती दिली, आणि वडिलांनी बंद ठेवलेले दारही उघडले. पुढच्या चार वर्षांत दैवाने फार घाई केली. १८८० मध्ये श्रीनिवासाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा आंतरजातीय नोंदणी विवाह झाला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीचे पटकीने निधन झाले.

तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यास आलेल्या रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला, आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. याच वर्षांत त्यांनी इंग्रजी शिकायला घेतले. शाळेत बसण्याची वेळ त्यांच्यावर आली ती पंचविशीत, इंग्लंडमध्ये. तेथे १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या एकीकडे संस्कृत शिकवीत आणि दुसरीकडे स्वतः इतर विषय शिकत. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. आनंदीबाईंनाही पतीने घरीच शिकवले होते. त्या शिकवण्यात लक्ष्मीबाईंच्या मायेपेक्षा गोपाळरावांचा धाक अधिक होता, हे जाता जाता नोंदवावे लागेल. रमाबाई अमेरिकेत काही आठवड्यांसाठी गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. खेळ, वस्तू आणि हातकाम यांतून मुलांना शिकवणाऱ्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण त्यांनी तेथे घेतले. सारे बालपण पाठांतरात गेलेल्या बाईंना या पद्धतीची ओढ वाटावी, यात नवल नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. त्याच पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सदन पुण्यास आले, धर्मांतराच्या शंकेवरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले, अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. तो इतिहास सर्वश्रुत आहे. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन वाढत गेले. दुष्काळ पाहताच त्यांना आपले आईवडील आठवले असणार, हे वेगळे सांगायला नको. १९००च्या सुमारास तेथे दीड हजारांच्या घरात रहिवासी होते. वाचन-लेखन सर्वांना होतेच. त्याच्या जोडीला शेती, दूधदुभते, विणकाम, शिवण, छपाई यांपैकी काही ना काही प्रत्येकीच्या हाती दिले जाई. डोंगरे कुटुंबात जे नव्हते नेमके तेच येथे सक्तीचे होते.

स्वतःच्या मुलीच्या बाबतीत त्यांनी आईचा कित्ता गिरवला नाही. मनोरमेला त्यांनी इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांत ठेवले, त्यासाठी वर्षानुवर्षांचा विरह सोसला. मनोरमेच्या धर्मशिक्षणावरून इंग्लंडमधल्या आपल्या हितचिंतक जोगिणींशी त्यांचे तीव्र मतभेद झाले. मुलीने काय मानावे हे ठरवण्याचा अधिकार त्या दुसऱ्या कोणाला देण्यास तयार नव्हत्या. मुलीला शाळेत घातले तरी तिच्या शिक्षणाची सूत्रे आईने सोडली नव्हती, असे म्हणता येईल. मनोरमा पदवीधर झाली, शारदा सदनची प्राचार्या झाली. १९१२च्या सुमारास गुलबर्गा येथे शाळा निघाली, तीही तिच्याच मदतीने. गुलबर्गा तेव्हा औरंगाबादप्रमाणेच निजामाच्या राज्यात होते.

लक्ष्मीबाईंचे शिक्षण मात्र रमाबाईंमधून गेले नाही. उतारवयात, ऐकू येणे जवळजवळ थांबले असताना, त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले आणि मूळ संहिता समजावी म्हणून हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास घरीच सुरू केला. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. आईने काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे केडगाव येथे निधन झाले तेव्हा भाषांतर पूर्ण होत आले होते. त्याचे खिळे जुळवणाऱ्या आणि कागद छापणाऱ्या बहुतेक जणी दुष्काळातून आलेल्या, मुक्ती सदनातच अक्षरे शिकलेल्या मुली होत्या.