फादर स्टीफन्स आणि लॅटिनची पहिली इयत्ता

शहाद्यासारख्या बाजारपेठेच्या गांवीं व्याकरणाचा विषय काढणें म्हणजे जिनिंगच्या भोंग्यापुढें सनई वाजविणें होय, असें कोणी म्हणेल. आणि त्यांतही व्याकरण कोणाचें, तर लॅटिनचें! जी भाषा आज कोणत्याही घरांत आई मुलाशीं बोलत नाहीं, तिच्या विभक्तींशीं गोमाईकांठच्या व्यापाऱ्यांना काय कर्तव्य? परंतु आमच्या व्यापारी बंधूंनीं हा प्रश्न विचारण्यापूर्वीं आपल्याच दुकानांतील खतावणीकडे एकवार पाहावें. क्रेडिट, डेबिट, ऑडिट, परसेंट हे सगळे शब्द इंग्रजीच्या वाटेनें आले असले, तरी त्यांचें मूळ घर लॅटिन आहे. परसेंट म्हणजे शंभरामागें. ऑडिट म्हणजे ऐकणें. पूर्वीं जमाखर्च मोठ्यानें वाचून दाखवीत आणि तपासणारा तो ऐकत बसे, यावरून तो शब्द पडला. आणि क्रेडिट ज्या धातूपासून निघाला, त्याचा अर्थ विश्वास ठेवणें असा असून भाषाशास्त्रज्ञ त्याचें नातें आपल्या ‘श्रद्धा’ या शब्दाशीं लावतात. उधारीचें खातें आणि श्रद्धा हीं एकाच कुळांतलीं, हें वसुलीस निघालेल्या दुकानदाराला पटणें कठीण. पण तें खरें आहे.

हें कुळ एक असावें, अशी चाहूल ज्या थोड्या लोकांना प्रथम लागली, त्यांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन राहिलेला एक परदेशी मनुष्य होता. फादर थॉमस स्टीफन्स हें नांव मराठी वाचकांस ‘क्रिस्तपुराणा’मुळें ठाऊक आहे. मराठीच्या गौरवाच्या त्यांच्या ओव्या शाळेंत अनेकांनीं पाठ केल्या असतील. पण हा इंग्रज मराठी शिकला कसा, याचा विचार आपण क्वचित् करतों, आणि आमच्या मतें त्यांच्या चरित्राचा खरा गाभा तोच आहे.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत बुश्टन या खेड्यांत झाला. त्या काळीं इंग्लंडांत ग्रामर स्कूल म्हणजे व्याकरणशाळा, आणि व्याकरण म्हणजे लॅटिनचेंच. इंग्रजीचें व्याकरण शिकवावें, असें कोणाच्या मनांतही येत नसे. लिली नांवाच्या पंडिताचें लॅटिन व्याकरण राजाज्ञेनें शाळांत लागू केलेलें होतें आणि पोरें तें घोकीत. आमच्याकडे वेदशाळेंतला बटु जसा रूपावली म्हणत बसे, तसाच हा प्रकार, छडीसुद्धां सारखीच.

तें घोकणें काय होतें, हें थोडें पाहिलें पाहिजे. लॅटिनमध्यें नामाच्या सहा विभक्ति आहेत; संस्कृतांत संबोधन धरून आठ. लिंगें तीन, आपल्यासारखींच. ‘मातेर’ म्हणजे आई, ‘फीलिआ’ म्हणजे मुलगी. आई मुलीला हाक मारते, हें लॅटिनमध्यें ‘मातेर फीलिआम वोकात’ असें होतें. मुलगी हें कर्म झालें म्हणून ‘फीलिआ’चें ‘फीलिआम’ झालें, आणि संस्कृतांतील ‘बाला’चें ‘बालाम्’ ज्याला आठवतें, त्याला येथें ओळखीचा चेहरा भेटल्यासारखें वाटेल. आतां हेच शब्द उलटे मांडून ‘फीलिआम मातेर वोकात’ म्हटलें तरी अर्थ तोच राहतो, कारण कोण कोणाला हाक मारतें हें शब्दाच्या शेवटावरून कळतें, जागेवरून नव्हे. मराठींतही ‘मुलीला आई हाक मारते’ म्हटल्यानें कांहीं बिघडत नाहीं. इंग्रजींत मात्र शब्द उलटले कीं आईच्या जागीं मुलगी हाक मारूं लागते. क्रियापदाचेंही तसेंच: ‘वोको, वोकास, वोकात’ एवढ्या तीन रूपांत मी, तूं आणि तो हे तिघे येऊन जातात, संस्कृतांत ‘पठामि, पठसि, पठति’ यांत येतात तसे. संख्यावाचक शब्द पाहावे: दुओ, त्रेस, सेप्तेम, ओक्तो, नोवेम, देकेम. यांचा अर्थ आम्हीं सांगण्याची गरज नाहीं.

म्हणजे गंमत अशी कीं, इंग्रजीच्या आईच्या पोटीं जन्मलेल्या या मुलाला मराठीची खरी तयारी इंग्रजीनें करून दिली नाहीं. ती लॅटिनच्या घोकंपट्टीनें करून दिली.

इंग्लंडांत तेव्हां प्रॉटेस्टंट राजसत्ता होती आणि कॅथलिक पंथाच्या लोकांवर मोठा दाब होता. स्टीफन्स आणि त्यांचे मित्र थॉमस पाउंड यांनीं रोमला जाऊन जेझुइट संघांत शिरण्याचा बेत केला. मित्र पकडला गेला आणि त्यानें आयुष्याचीं पुष्कळ वर्षें तुरुंगांत काढलीं, स्टीफन्स निसटले. १५७५ सालीं ते रोम येथें संघांत दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून त्यांचें जहाज निघालें आणि २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास लागलें. या प्रवासाची हकीकत त्यांनीं वडिलांना लिहून कळविली. तें पत्र पुढें इंग्लंडांत हॅक्लुइट यांच्या प्रवाससंग्रहांत छापलें गेलें आणि तेथील लोकांनीं मोठ्या कुतूहलानें वाचलें. हिंदुस्थानांत येऊन राहिलेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार स्टीफन्स यांचेंच नांव घेतात. १५८३ च्या अखेरीस फिच, न्यूबेरी वगैरे चार इंग्रजांना पोर्तुगीजांनीं हेर समजून गोव्यांत कैदेंत टाकलें, तेव्हां जामीन मिळवून देण्यास हेच फादर धांवले. धर्मपंथ वेगळा असूनही त्यांनीं आपली भाषा बोलणाऱ्यांस ओळख दिली, ही गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

गोव्यांत त्यांचें जवळजवळ सारें आयुष्य साष्टी प्रांतांत गेलें. येथें आम्हांस एक गोष्ट झांकून ठेवतां येत नाहीं. ज्या सत्तेच्या आश्रयानें ते आले, तिनें साष्टींतील देवळें पाडलीं, पोथ्या नाहींशा केल्या आणि १५६० पासून गोव्यांत इन्क्विझिशनचा दरारा बसविला. १५ जुलै १५८३ रोजीं कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांनीं पांच जेझुइटांस ठार केलें. त्यांत अकबर बादशहाच्या दरबारांत राहून आलेले रोडोल्फो अक्वाविवा हे होते. देवळें पाडल्याचा हा सूड होता. पुढें पोर्तुगीजांनीं कुंकळ्ळीच्या मुखत्यारांना असोळणें येथें बोलणीं करण्यास म्हणून बोलावलें आणि दगा देऊन मारलें. त्या पांचजणांचीं प्रेतें मिळवून त्यांचें दफन करण्याचें काम स्टीफन्स यांच्याकडे आलें होतें. म्हणजे हा मनुष्य रक्ताच्या थारोळ्याच्या कांठीं उभा राहून भाषा शिकला. त्यांच्या विद्येचा गौरव करतांना ज्यांचीं देवळें पडलीं त्यांचा विसर पडावा, असें आम्ही म्हणणार नाहीं; आणि देवळें पाडणाऱ्यांचा राग म्हणून विद्येकडे पाठ फिरवावी, हेंही आम्हांस मान्य नाहीं.

त्याच १५८३ सालच्या ऑक्टोबरांत त्यांनीं आपल्या भावाला एक पत्र लिहिलें. या देशांत पुष्कळ भाषा आहेत, त्यांचे उच्चार कानास गोड लागतात आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी आहे, असा त्याचा आशय. कलकत्त्यास सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें मूळ एक असावें असें जाहीर व्याख्यानांत सांगितलें तें १७८६ सालीं, म्हणजे दोनशें तीन वर्षांनंतर. स्टीफन्स यांचें पत्र घरगुती होतें. त्यावरून कोणतेंही शास्त्र उभें राहिलें नाहीं. पण पाहणाऱ्याची नजर कशी होती, तें त्यावरून कळतें. विजेत्यांच्या जहाजांतून आलेल्या माणसानें येथील लोकांची बोली रानटी समजली नाहीं. ज्या दोन भाषांना त्याच्या देशांत विद्येचें सिंहासन होतें, त्यांच्या पंक्तीस ती बसविली.

नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या हातांतून जुनीं पुराणें गेलीं होतीं आणि त्यांच्या जागीं कांहीं आलें नव्हतें. त्यांच्यासाठीं स्टीफन्स यांनीं ओवीबद्ध ग्रंथ रचला. पैठणास एकनाथमहाराजांनीं देह ठेवून फार वर्षें लोटलीं नव्हतीं. पहिल्या पुराणांत ३६ आणि दुसऱ्यांत ५९ असे ९५ अवस्वरु व सुमारें अकरा हजार ओव्या, एवढा त्याचा विस्तार. तो १६१६ सालीं रायतूर येथें छापला गेला, पण रोमन अक्षरांत. याचें कारण व्यापारी मनाला चटकन् पटेल असें आहे. १६०८ सालीं रोमला लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं या देशाच्या भाषेंत व लिपींत पुस्तकें छापण्याची आपली अनेक वर्षांची इच्छा कळविली होती. मात्र युरोपांत चोवीस अक्षरांवर भागतें तेथें आपल्या जोडाक्षरांसह सहाशेंच्या घरांत सांचे ओतावे लागतील, ही अडचणही त्यांनींच मांडली होती. खर्च परवडला नाहीं. मराठीच्या लिपीला तेव्हां छापखाना मिळाला असता, तर आपल्याकडील मुद्रणाचा इतिहास दोनशें वर्षें आधीं सुरू झाला असता, असें म्हणण्याचा मोह आम्हांस होतो.

स्टीफन्स १६१९ सालीं गोव्यांत वारले. त्यांनीं कोंकणी बोलीचें व्याकरण पोर्तुगीज भाषेंत लिहून ठेवलें होतें. दियोगु रिबैरु यांनीं त्यांत भर घातली आणि १६४० सालीं तें रायतूरलाच छापलें गेलें. हिंदुस्थानच्या कोणत्याही भाषेचें छापलेलें पहिलें व्याकरण तें हेंच, असें मानतात. त्याचा सांगाडा लॅटिनचा आहे. नामाच्या विभक्ति लॅटिनच्या नांवांनीं, क्रियापदाचे काळ लॅटिनच्या क्रमानें. यांत सोय होती, तशी अडचणही होती. ‘मी भाकरी खाल्ली’ असें म्हणतांना आपलें क्रियापद खाणाऱ्याचें लिंग सोडून भाकरीचें लिंग धरतें; लॅटिनच्या सरळ भूतकाळांत असें होत नाहीं. ‘घर’ या शब्दाला ‘चा’ लागण्याआधीं त्याचें ‘घरा’ होतें, ही आपली सामान्यरूपाची पायरीही लॅटिनला ठाऊक नाहीं. परक्या मापानें शिवलेला अंगरखा कोठें तरी तटतोच. तरी अंगरखा शिवला गेला, हें थोडें नव्हे. आपल्या माणसानें आपल्या मराठीचें व्याकरण लिहून छापण्यास १८३६ साल उजाडावें लागलें. तें काम दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें. पुढें गोव्याच्या पोर्तुगीज सरकारनें १६८४ सालीं हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या भाषेचें व्याकरण एका जेझुइटानें लिहिलें, तीच पुसून टाकण्याचा हा हुकूम होता. बोली पुसली गेली नाहीं. १९८७ सालीं कोंकणी गोव्याची राजभाषा झाली.

आतां आम्ही घरीं येतों. आमच्या तालुक्यांत आणि वर सातपुड्यांत भिली आहे, पावरी आहे, मावची आहे. खालीं अहिराणी व गुजरी आहे. बाजारच्या दिवशीं आमचा व्यापारी गिऱ्हाइकाशीं पावरींत भाव करतो, कारण त्यांत त्याचा फायदा आहे. पण तेंच गिऱ्हाइकाचें पोर शाळेंत जाऊन बसलें, तर त्याला पहिल्या दिवसापासून प्रमाण मराठी ऐकावी लागते, आणि ती त्याला लॅटिनइतकीच परकी असते. पोर गप्प बसतें. आपण म्हणतों, त्याला डोकें नाहीं. नंदुरबार जिल्ह्यांत २०११ च्या गणनेप्रमाणें शंभरांत सुमारें एकोणसत्तर माणसें आदिवासी आहेत. प्राथमिक शिक्षण मातृभाषेंत मिळावें म्हणून राज्यघटनेंत १९५६ सालीं ३५०-क हें कलम घातलें गेलें. या बोलींचीं रूपें पद्धतशीर मांडण्याचा मोठा प्रयत्न ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीच्या नवव्या खंडांत १९०७ सालीं झाला. म्हणजे येथेंही परकाच मनुष्य आधीं आला.

बाहेरच्या जिल्ह्यांतून अक्राणी किंवा अक्कलकुवा भागांत नेमणूक झालेल्या शिक्षकानें स्टीफन्सप्रमाणें अकरा हजार ओव्या रचाव्या, असें आमचें मागणें नाहीं. स्टीफन्स गोव्यास आले तेव्हां तिशीचे होते, लॅटिनमध्यें पारंगत होते, आणि तरीही पुन्हां पहिल्या इयत्तेंत जाऊन बसले. तेवढेंच मागणें आहे. शहाद्याच्या व्यापाऱ्यांनीं वह्यांचा व पुढें छपाईचा खर्च उचलावा. गणेशोत्सवाच्या मंडपाला लागतो त्याच्या अल्पांशानें तो भागेल. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर शिक्षकानें ‘आई’ हा शब्द लिहावा आणि आईनें, आईला, आईचें, आईपाशीं हें पावरींत व भिलींत कसें म्हणतात, तें वर्गांतल्या पोरांना विचारून त्याखालीं उतरवावें. पोरें पहिले कांहीं दिवस गुरुजींच्या उच्चाराला हंसतील. मग तीं चूक सुधारून देतील.