अभंगातून ख्रिस्तोपासना

उपासनेचे संगीत कसे असावे, हा प्रश्न वसईच्या ख्रिस्ती समाजाला अपरिचित नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962-65) लॅटिनबरोबर लोकभाषेलाही उपासनेत स्थान दिले, तेव्हा येथील कॅथलिकांपुढे तो प्रकर्षाने उभा राहिला. त्यापूर्वी सुमारे अर्धशतक, प्रॉटेस्टंट पंथातील रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी त्याचे उत्तर आपल्या जीवनकार्यातून दिले होते.

6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुटुंबात टिळक जन्मले. आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेल्या नव्या कराराने, विशेषतः त्यातील डोंगरावरील प्रवचनाने, त्यांच्या जीवनाला वेगळे वळण लागले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत जबर होती. आप्त दुरावले आणि पत्नी लक्ष्मीबाईंचा काही वर्षे वियोग सोसावा लागला.

अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करताना त्यांना एक विसंगती जाणवली. मराठी ख्रिस्तीजन परदेशी चालींवरची भाषांतरित गीते गात, पण ती त्यांच्या अंतःकरणात रुजत नसत. नगरला ख्रिस्ती कीर्तनाची वाट पडली होती. टिळकांनी ती प्रशस्त केली. तुकारामांच्या अभंगावर पोसलेल्या या कवीने अभंग, ओवी आणि भजन ख्रिस्तभक्तीसाठी योजिले.

हिंदू भक्तीचे छंद ख्रिस्ती उपासनेत कसे चालतील, असा आक्षेप यावर घेता येईल. परंतु पवित्र शास्त्रात कोणत्याही देशाची चाल विहित केलेली नाही. दीडशेव्या स्तोत्रात तंतुवाद्यांबरोबर डफ आणि झांजाही आहेत. करिंथकरांस लिहिताना पौलाचा आग्रह आत्म्याने आणि बुद्धीनेही गाण्याचा आहे. न समजणारे गीत या कसोटीस कसे उतरावे? दुसरी कसोटी आमोस संदेष्ट्याची. न्याय नसेल तर देवाला वीणेचा नादही नकोसा होतो.

टिळकांनी गायन आणि आचरण यांत अंतर पडू दिले नाही. 1917 मध्ये मिशनच्या वेतनाचा त्याग करून त्यांनी बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. 9 मे 1919 रोजी ते निवर्तले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते; ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

त्यांची गीते महाराष्ट्राच्या उपासनामंदिरांतून आजही गाइली जातात. वाद्य पेटी असो, गिटार असो वा मृदंग, वाद तेथे नाही. गाणाऱ्याला अर्थ उमगतो काय आणि गीत संपल्यावर तो शेजाऱ्याशी न्यायाने वागतो काय, हेच पाहावयाचे आहे.