तुकड्याचे मोल जाणणारा संत

कोजागिरीचे चांदणे सरले, की आश्विन वद्य पंचमी जवळ येते. या तिथीस वंदनीय राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी देह ठेवला. पुढे आठ-दहा दिवसांत दिवाळी, तिच्या मागोमाग तुळशीचे लग्न, आणि ते लागले की घरोघरी उपवर मुलामुलींच्या सोयरिकीची बोलणी सुरू होतात. म्हणून महाराजांच्या चरित्राचे स्मरण करताना आज आम्ही त्यांच्या भजनांच्या गोडीकडे वा भाविकांत सांगितल्या जाणाऱ्या चमत्कारांकडे न वळता, गृहस्थाच्या संसाराविषयी त्यांना जी कळकळ होती तिच्याकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

महाराजांचा जन्म 30 एप्रिल 1909 रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. नाव माणिक, वडील बंडोजी, माता मंजुळाबाई. घरी दारिद्र्य होते. शाळेत मन रमले नाही. रमले ते भजनात आणि वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या चरणी. आपले आयुष्य भिक्षेच्या तुकड्यांवर निभावले, ही जाणीव या बालकाने नावातच जपली आणि माणिकचा तुकड्यादास झाला. भाकरीचा तुकडा हेच ज्याचे नाव, त्यास अन्नाची आणि पैशाची नासाडी पाहवली नाही, यात नवल ते काय!

लहान वयातच घर सोडून ते अरण्यात शिरले. रामटेक, सालबर्डी आणि चिमूर परिसरातील रामदिघी, गोंदोडा ही त्यांच्या तपाची स्थाने होत. चिमूरचा हा भाग तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातला. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो 26 ऑगस्ट 1982 रोजी. महाराजांच्या हयातीत वैनगंगेच्या दोन्ही तीरांचा हा वनप्रदेश एकाच जिल्ह्यात मोडत असे. गोंदोड्याच्या गुहेपाशी आजही भाविकांची यात्रा भरते. तपाने जे मिळवायचे ते मिळवून हा साधू मात्र अरण्यात राहिला नाही. खंजिरी घेऊन तो पुन्हा माणसांत आला. 1935 मध्ये त्याने मोझरी येथे गुरुकुंज आश्रम उभारला आणि 1936 मध्ये महात्मा गांधींच्या सहवासात सेवाग्रामी काही काळ काढला.

ज्याने स्वतः संसार मांडला नाही, त्याने संसाराच्या गोष्टी सांगाव्यात काय, अशी शंका कोणी घेईल. आम्हांस उलट वाटते. गावोगाव हिंडणाऱ्या भजनकऱ्यास घराघराचे अंतरंग जितके दिसते तितके शेजाऱ्यासही दिसत नाही. वरोऱ्याकडचा कापूस पिकवणारा शेतकरी असो की ब्रह्मपुरी-आरमोरीकडचा धान पिकवणारा, मुलीच्या लग्नासाठी त्याने सावकाराच्या पायरीशी जावे, बांधी गहाण टाकावी, बैलजोडी विकावी, हे या मुलखास अपरिचित नव्हते. चार दिवस मंडप गाजतो, पंगती उठतात, आणि पुढच्या मृगात पेरणीस बियाणे नसते. हुंडा देणारे घर बुडते तसे थाट करणारे वराचे घरही पोखरले जाते. नवी सून उंबरठ्यावरचे माप ओलांडते, त्याआधीच कर्ज त्या घरात येऊन बसलेले असते. मग सासू-सुनेचे वाद, पतिपत्नींतील अबोला आणि माहेरचे टोमणे यांचे मूळ स्वभावात शोधणे व्यर्थ आहे. नवऱ्याच्या मनात वेळेवर न फिटलेला हप्ता असतो आणि राग निघतो तो भाजीतल्या मिठावर. (याच अरण्यातील गोंड समाजात हुंड्याची रीत नव्हती, उलट वराकडूनच वधूच्या घरी देज देण्याची चाल होती, हे शहाण्यासुरत्या गावकऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.)

1942 चा चातुर्मास महाराजांनी चिमुरात केला. त्या भजनांनी पेटलेले चिमूर 16 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, कसे उसळले हे सर्वश्रुत आहे. 28 ऑगस्टला चंद्रपुरात त्यांना अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात राहून 2 डिसेंबरला ते सुटले. त्यानंतरचे त्यांचे आयुष्य प्रामुख्याने ग्रामसेवेत गेले. त्या अनुभवाचे सार म्हणजे 1955 साली सिद्ध झालेली ग्रामगीता. 41 अध्याय आणि 4675 ओव्यांच्या या ग्रंथात महाराजांनी वैवाहिक जीवनास स्वतंत्र अध्याय दिला आणि महिलोन्नतीसही. वधूवरांचे गुण व मने जुळावीत, हुंडा नसावा, वाजंत्री आणि मानपान यांपायी कर्ज काढू नये, गावातील विवाह एकाच मंडपात सर्वांनी मिळून साधेपणाने लावावेत, असा त्यांचा आग्रह आहे. स्त्रीस दासी लेखणारे घर त्यांना घरच वाटत नाही. काटकसर आणि गृहशांती ही दोन निराळी प्रकरणे नव्हेत, हे त्यांनी जितके स्पष्ट ओळखले तितके आमच्या मते फार थोड्यांनी ओळखले असेल.

याच 1955 साली ते जपानमधील विश्वधर्म व विश्वशांती परिषदेस गेले. सर्व धर्मांच्या माणसांना एकत्र बसता यावे अशी सामुदायिक प्रार्थना त्यांनी गावोगाव रुजविली होती. तेव्हा येथे अन्य धर्मातील एक कथा सांगितली तर ती अप्रस्तुत ठरू नये. ख्रिस्ती धर्मग्रंथात येशूने पाच भाकरी आणि दोन मासे यांवर हजारोंचा समुदाय जेवविल्याची कथा आहे. चमत्कार सर्वांना ठाऊक असतो; त्यापुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. सर्व तृप्त झाल्यावर येशूने शिष्यांना उरलेले तुकडे वेचावयास लावले, काही वाया जाऊ नये म्हणून. आणि बारा टोपल्या भरल्या. हवे तेवढे अन्न निर्माण करण्याचे सामर्थ्य असलेल्यानेही तुकडा टाकला नाही! लग्नाच्या पंगतीत पत्रावळीवर भरपूर वाढून अर्धे टाकून उठणाऱ्या आम्हा मंडळींना ही कथा परधर्माची म्हणून दूर सारता येणार नाही. अन्नास पूर्णब्रह्म मानणारे तर आम्हीच.

11 ऑक्टोबर 1968 रोजी कर्करोगाच्या व्याधीने महाराजांनी गुरुकुंजात देह ठेवला. पुण्यतिथीस मोझरीला लाखो माणसे मौन पाळून उभी राहतात, त्यांत चंद्रपूर-गडचिरोलीकडची गुरुदेवभक्त मंडळी मोठ्या संख्येने असतात. या दोन्ही जिल्ह्यांतील गावांत गुरुदेव सेवा मंडळांचे कार्यकर्ते ग्रामगीतेच्या पद्धतीने विवाह लावतात. अशा मंडपांत काही ठिकाणी अक्षतांऐवजी फुले वाहतात, आणि धान पिकविणाऱ्या त्या घरांत वाचलेले तांदूळ पुन्हा कणगीत जातात.